दिवा बघायला आणलेली टॉर्च

तुम्ही खोटं लिहिलंय. नुसतं लिहिलं नाही, वर शिक्काही मारलाय. ‘गाडीमालकाने कर्तव्यावर असलेल्या तपासनिसाच्या डोक्यावर मेंढीचे कातडे टाकून त्याच्या हातातील सरकारी टॉर्च काढून घेतली.’ हे तुमचं वाक्य. खाली तुमची सही, जी तुम्ही अशी करता की कुणाची आहे ते तुमच्या आईलासुद्धा ओळखता येऊ नये.

कातडं टाकलं, हे खरं. टॉर्च आमच्या घरी आहे, हेही खरं. मधलं सगळं खोटं. आणि मधलंच महत्त्वाचं असतं, म्हणून मी ते पहिल्यापासून सांगणार आहे, आणि तुम्ही ते बसून ऐकणार आहात.

माझी गाडी जर्मन आहे, माझ्या धाकट्या भावापेक्षा दोन वर्षांनी मोठी. रंग तपकिरी, म्हणून वडलांनी तिचं नाव घोड्यासारखं तोरू ठेवलं. वडील गेले, तोरू राहिली. खिंड चढून नारिनच्या बाजारापर्यंत आणि परत, चार माणसं, कधी पाच, कधी पाच आणि एक बकरं, असं मी तिला बावीस वर्षं चालवतोय. आमच्या स्टँडवर तेरा गाड्या आहेत आणि माझा नंबर चौथा. हा नंबरही वडलांचाच. सकाळी बाजाराला जाणाऱ्या बायका पहिल्या चार गाड्यांत भरतात. पाचव्यापासून पुढचे लोक चहा पीत बसतात आणि राजकारणावर बोलतात. स्टँडचा नियम एवढाच, की तपासणीचं स्टिकर संपून तीन आठवडे झाले तर गाडी शेवटच्या नंबरावर जाते. तेरावा नंबर म्हणजे गाडी विकून मेंढ्या घेतलेल्या बऱ्या.

पाचव्या नंबरावर मुकाश आहे. माझं स्टिकर संपलं त्या दिवसापासून तो रोज गाडी धुवायला लागला.

पहिल्या तपासणीला तुमचा तपासनीस केरिमकुल आला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही सगळं त्याच्या डोक्यावर ढकलणार. उंच, खांदे पडलेले, हातात ती टॉर्च, तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला सात आकडा. त्यानं ब्रेक बघितले नाहीत. टायर बघितले नाहीत. टायर बघितले असते तर मी आज हे लिहीत नसतो, गप्प बसलो असतो. तो आत बसला आणि डॅशबोर्डवरच्या दोन बटणांवर बोट ठेवलं. एक मागची काच तापवायचं, दुसरं धुक्याच्या दिव्याचं.

“यांच्यातले दिवे लागत नाहीत.”

“बटणं चालतात, साहेब. दाबून बघा.”

“चालतात ते ठीक. पण अंधारात दिसली पाहिजेत. रात्री खिंडीत धुकं आलं तर बटण कसं सापडणार?”

“बावीस वर्षं सापडतंय. बोटाला माहीत आहे.”

त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “बोटाचा रकाना नाही,” तो म्हणाला, आणि खरंच खिन्न होऊन त्यानं फुली मारली.

आता ती बटणं कशी असतात ते ऐका, कारण तुम्ही कधी उघडून बघितली नसणार. बटणाच्या पोटात जवाच्या दाण्याएवढा दिवा असतो, त्यावर हिरवी टोपी. रात्री हेडलाइट लावले की तो दाणा मिणमिणतो आणि बटणावरचं चित्र हिरवं दिसतं. एवढंच त्याचं काम. माझे दोन्ही दाणे कधी विझले, देव जाणे. वडील होते तेव्हाच विझले असतील आणि त्यांनीही बोटावरच भागवलं असेल.

मी बाजारातून ते नवे बारके दिवे आणले, पाकिटात वीस येतात ते. थंडीत, अंगणात, कांदा कापायच्या सुरीनं डॅशबोर्डची पट्टी उचकटली. पट्टीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. तरी मी थांबलो नाही. जुना दाणा काढला, नवा दिवा वायरला चिकटवला, हेडलाइट लावले. क्षणभर असा निळा उजेड पडला की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला. मग वास आला. मग काही नाही. दुसऱ्या बटणातला दिवा तर लागलाच नाही. अर्धा दिवस मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

शेवटी झूरा एजेकडे गेलो. जुन्या काळी रेडिओ दुरुस्तीचा कारखाना होता तेव्हा ती तिथे होती. आता बाजारात एका पत्र्याच्या खोक्यात बसते आणि फोन आणि कानातली यंत्रं दुरुस्त करते. अर्ध्या गावाचे कान तिच्या ड्रॉवरमध्ये आहेत. वय सत्तर, म्हणून साऱ्या गावाची एजे, थोरली बहीण; दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर.

ती गाडीत बसली, पाय बाहेर ठेवून, आणि पट्टीकडे बघत राहिली.

“कशानं उघडलंस रे हे, सागिनबेक?”

“सुरीनं, एजे.”

“कसली सुरी?”

“कांद्याची.”

“कांद्यासारखं उघडलंस, तर रड आता. किटली आण.”

“चहा घेणार?”

“मी नाही, तुझी गाडी घेणार.”

तिनं गरम पाण्यात फडकं पिळून ते पट्टीवर ठेवलं आणि तीन वेळा बदललं. म्हातारं प्लास्टिक थंडीत हाडासारखं मोडतं, ऊब दिली की कातड्यासारखं वाकतं. मग तिनं फक्त अंगठ्यानं दाबलं आणि पट्टी आपणहून सुटून तिच्या मांडीवर आली. मला लाज वाटली.

माझे दोन दिवे तिनं चिमट्यानं बाहेर काढले. “हा जळाला. याला सरळ बारा व्होल्ट पाजलेस, जसं तान्ह्या पोराला व्होडका. आणि हा उलटा बसवलास. हे एकाच बाजूनं लागतात.”

“तो खराब नव्हता?”

“तो चांगला होता. तू उलटा होतास.”

मी त्या दिव्याची मनातल्या मनात माफी मागितली.

नवे दिवे तिला आवडतच नव्हते. त्यांचा उजेड दवाखान्यासारखा, म्हणाली. जुन्या रेडिओच्या आकड्यांच्या पट्टीमागे असायचे ते पिवळे दाणे तिच्याकडे काड्यापेटीत होते. पण ते सहा व्होल्टचे, आणि गाडीत बारा, इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास. तिनं दोन्ही बटणांतले दाणे एकामागे एक एकाच वायरीत जोडले, म्हणजे सहा-सहा वाटून घेतील, आणि जास्तीचं अडवायला मधे एक छोटा रेझिस्टर टाकला.

“आणि एक गेला तर, एजे?”

“एका दोरीला बांधलेल्या दोन मेंढ्या आहेत. एक बसली की दुसरीही बसणार. तेव्हा परत ये.”

हिरव्या टोप्या वाळून चुरा झाल्या होत्या. एजेनं शेजारच्या पावडर-लाली विकणाऱ्या मुलीकडून हिरवं नेलपॉलिश मागून घेतलं आणि दाण्यांवर दोन हात फिरवले. वाळेपर्यंत त्यांच्यावर फुंकर मारत राहिली. मग बटणं जागेवर, पट्टी जागेवर, हेडलाइट. भर दुपारी काही दिसेना. एजेनं अंगावरची शाल काढून डॅशबोर्डवर टाकली आणि डोकं आत घातलं.

“ये आत,” शालीतून आवाज आला.

मी डोकं घातलं. दोन हिरवी चित्रं. एका चित्रात काच आणि तिच्यावर वाफेच्या तीन रेघा, दुसऱ्यात दिवा आणि धुकं. मी वडलांच्या गाडीत बावीस वर्षं बसलोय, पण ही चित्रं मी तोपर्यंत बघितली नव्हती. बोटाला माहीत होती, डोळ्याला नव्हती.

पैसे तिनं घेतले नाहीत. “स्टिकर लागलं की माझ्या बहिणीला खिंडीपलीकडून आणून सोड. मुकाशच्या गाडीत ती बसणार नाही. तो बोलतो फार.”

घरी आलो तर आई दारात. आईला सगळे बातमा आपा म्हणतात, तुमच्या कचेरीतलेसुद्धा. मी तिला गाडीत बसवलं, डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि दिवे दाखवले. तिनं दोन्ही हात तोंडावर फिरवून आशीर्वाद म्हटला, मग कनवटीची मूठभर कुरुत, सुक्या दह्याच्या गोळ्या, माझ्या हातात ठेवली आणि भरतकामाचा रुमाल आरशाला बांधला. हे कोरूमदूक. नवं बाळ असो, नवी सून असो, नवा घोडा असो, पहिल्यांदा बघणाऱ्यानं हाताशी असेल ते द्यायचं. फुकट बघून जाणाऱ्याची नजर लागते. हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बायकोच्या तोंडावरची ओढणी उचलली तेव्हा साऱ्या गावानं दिलंय.

दुसऱ्या तपासणीला मी तोऱ्यात गेलो. आता तुमच्या तपासणीच्या शेडबद्दल. तिच्या छपराचे पत्रे वसंतातल्या वाऱ्यानं उडून नदीपलीकडे गेले आणि तुम्ही माणूस पाठवून ते आणले नाहीत. आता तिथे कुणाचा तरी गोठा आहे, छान आहे. म्हणजे तुमची शेड म्हणजे चार खांब आणि वर आभाळ. आणि तपासणीची वेळ अकरा ते एक. त्या उन्हात केरिमकुल गाडीत बसला, म्हणाला हेडलाइट लाव, आणि बटणांमधले दिवे लागतात का हे बघायला त्यानं बटणांवर टॉर्च मारली.

परत वाचा. दिवा लागतो का हे बघायला त्यानं दिव्यावर टॉर्च मारली.

“दिसत नाही,” तो म्हणाला.

“टॉर्च बंद करा, साहेब.”

“टॉर्चशिवाय तपासणी होत नाही. चौदावा रकाना. ‘सरकारी टॉर्चच्या साहाय्याने पाहिले.’”

“मग निदान सूर्य बंद करा.”

त्यानं कागद उलटून मागची बाजू बघितली. त्याबद्दल काही लिहिलंय का ते बघत होता, शपथ सांगतो. मग फुली मारली.

स्टिकर संपून दोन आठवडे झाले होते. मुकाशनं गाडीला नवी सीट-कव्हरं घातली. वाघाची.

तिसऱ्या वेळी आई म्हणाली, “वडलांचा तोन काढ.” मेंढीच्या कातड्याचा तो कोट पेटीत होता. त्यात दोन माणसं आणि एक वासरू मावतं आणि वास तिघांचाही येतो. “आणि मीही येते,” आई म्हणाली. मी नको म्हटलं. ती पुढच्या सीटवर बसून राहिली. तिला उतरवणारा अजून जन्मलेला नाही.

शेडमध्ये माझ्यामागे पाच गाड्या होत्या. हे साक्षीदार आहेत, तुम्ही एकालाही विचारलं नाहीत. केरिमकुल ड्रायव्हरच्या जागी येऊन बसला, शेजारी आई बघून चपापला.

“आपा, तुम्ही बाहेर थांबता का? तपासणी आहे.”

“बाहेर गार आहे, बाळा. आधी पाव मोड.” तिनं मांडीवरचं फडकं उघडलं. पाव पुढे आला की तुकडा मोडल्याशिवाय कुणी उठत नाही, सरकारी माणूसही नाही. त्यानं मोडला, चावता चावता टॉर्च लावली आणि बटणांवर धरली.

“दिसत ना...”

“सागिनबेक, टाक,” आई म्हणाली.

मी दारातून तोन टाकला. दोघांच्या डोक्यांवर, डॅशबोर्डवर, सगळ्यावर. आणि कडा दाबून धरल्या. हेच ते तुमचं कातडं. आत काय झालं ते मला दिसलं नाही पण शब्दन्‌शब्द ऐकू आला, आणि मागच्या पाच गाड्यांनाही, कारण आई थोडं मोठ्यानंच बोलते. तिच्या कानातलं यंत्र झूरा एजेच्या ड्रॉवरमध्ये आहे.

“आपा! हे काय!”

“गप. ती टॉर्च विझव.”

“नियम आहे, आपा.”

“चांदणी बघायला कुणी कंदील घेऊन जातं का? विझव म्हणते ना!”

खट्ट आवाज आला. मी कडा घट्ट धरून होतो आणि मनात म्हणत होतो, मेंढ्यांनो, आत्ता बसू नका, आत्ता उभ्या राहा.

“अरे,” केरिमकुलचा आवाज आला. बारीक, पोरासारखा. “अरे, वाफ आहे. काचेवर वाफेच्या रेघा काढल्यात.”

“दिसलं?”

“दिसलं, आपा. हिरवं आहे. छान आहे.”

“पहिल्यांदाच बघतोयस ना?”

“हो. आमच्या गाडीतले कधीच गेलेत.”

“मग कोरूमदूक दे.”

मागच्या गाडीतला कुणीतरी हसला.

“ड्युटीवर आहे, आपा. खिशात काही ठेवायचं नसतं, वरून हुकूम आहे.”

“खिशाचं कोण विचारतंय? हातात काय आहे?”

हातात टॉर्च होती.

आता खरं सांगा. अंधारात, एका म्हातारीशेजारी, तिचा पाव खाल्लेला, तिच्या घरचा नवा उजेड डोळे भरून बघितलेला. तुम्ही काय केलं असतं? नाही म्हटलं असतं? तर तुम्ही आमच्यातले नाही. केरिमकुल आमच्यातला आहे. त्यानं दिली. आईनं आशीर्वाद दिला, त्याला मुलगा होवो म्हणाली. तो म्हणाला, “चार आहेत, आपा.” ती म्हणाली, “मग मुलगी होवो.” असं हिसकावून घेतात का?

तोनमधून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत लोकर होती आणि तो हसत होता. “लागतो,” तो मला म्हणाला, सगळ्यांसमोर. “थांब, स्टिकर आणतो.” आणि आत गेला, तुमच्याकडे.

पंधरा मिनिटांनी परत आला तेव्हा लोकर तशीच होती, हसू नव्हतं.

“आपा, टॉर्च द्या. चौदावा रकाना भरता येत नाही.”

“दिलेलं परत मागतोस?”

“माझी नाही ती. सरकारी आहे.”

“मग सरकारनं बघितलं म्हणायचं. फारच चांगलं झालं.”

“आपा, पाया पडतो. परत करा.”

“करते की. तू बघितलेलं परत कर, मी टॉर्च परत करते.”

तो विचार करत उभा राहिला. मागच्या पाच गाड्यांनी हॉर्न वाजवले, कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

तेव्हापासून तुमच्या शेडमध्ये एकही गाडी तपासली गेलेली नाही, कारण टॉर्च एकच होती. तिच्यावर सात आकडा होता. पहिल्या सहा कुठे गेल्या हे मी विचारत नाही. कुणाच्या तरी आयांकडे असतील.

परवा केरिमकुल घरी आला. आईनं चहा दिला, तळलेले बोरसोक पुढे केले, आणि टॉर्च समोरच ठेवली, ताटापाशी, भरतकामाच्या रुमालावर. त्यानं तिला हात लावला नाही.

“बघितलास ना?” मी विचारलं.

“बघितला.”

“मग लिही की.”

“लिहिलं तर विचारतील, टॉर्चशिवाय कसा बघितला. नाही लिहिलं तर विचारतील, टॉर्च का दिली.” त्यानं चहात साखर घातली आणि ढवळायचं विसरला. “सागिनबेक, खरं सांगू? मी आठ वर्षं ते दिवे तपासतोय. लागलेला पहिल्यांदाच बघितला.”

जाताना त्यानं विचारलं, एजे त्याच्या गाडीतलेही करून देईल का. मी म्हटलं, देईल, किटली घेऊन जा.

मी भांडकुदळ आहे, हे गावाला माहीत आहे. पण यावेळी मी आईला सांगून बघितलं, दे ना टॉर्च, माझा नंबर जातोय. ती म्हणाली, कोरूमदूक परत दिलं की ज्याचं दिलं ते जातं. दिवा विझेल. मी म्हटलं, अगं आई, तो नेलपॉलिश लावलेला रेडिओचा दाणा आहे. ती म्हणाली, म्हणूनच तर, आधीच नाजूक आहे. आणि रात्री मी हळूच जाऊन हेडलाइट लावून बघितलं. लागत होता. मी टॉर्चचा विषय काढला नाही.

उद्या शुक्रवार. तीन आठवडे उद्या पूर्ण होतात. सकाळी पहिली गाडी सुटायच्या आत माझ्या काचेवर स्टिकर नसेल, तर चौथ्या जागेवर वाघाची कव्हरं येऊन उभी राहतील आणि झूरा एजेची बहीण खिंडीपलीकडेच राहील. वडलांचा नंबर तुमच्या चौदाव्या रकान्यात पडून जाईल.

तेव्हा तुमच्या कागदाला हे माझं उत्तर, आणि आता तुमचं उत्तर मला हवंय. लेखी, आणि सही वाचता येईल अशी. सोपं विचारतोय. तुमच्या माणसाला माझ्या गाडीतला दिवा दिसला की नाही? दिसला असेल, तर स्टिकर लावा. दिसला नसेल, तर सरकारनं माझ्या आईला कोरूमदूक कशाचं दिलं?